मधला महिना गायब असला की एसक्यूएलचं लॅग फंक्शन चुकीची टक्केवारी देतंय, मदत हवी आहे

ऑर्डर्सच्या टेबलवरून प्रत्येक प्रॉडक्टची विक्री मागच्या महिन्यापेक्षा किती टक्के वाढली-घटली ते काढायचंय, डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे. महिनावार ग्रुप करून लॅग (आधीच्या रोमधला आकडा आणणारं फंक्शन) लावलं, पार्टिशन प्रॉडक्टवर, म्हणजे प्रत्येक प्रॉडक्टचा हिशोब वेगळा, पण एखाद्याची मार्चमध्ये विक्रीच नसेल तर ती रोच येत नाही आणि लॅग गपचूप एप्रिलची तुलना फेब्रुवारीशी करून मोकळं होतं. मग जनरेट सिरीजने सगळे महिने बनवून लेफ्ट जॉइन केलं तर रिकाम्या महिन्यात प्रॉडक्ट आयडीच नल (रिकामा), म्हणजे पार्टिशनचं परत वाटोळं. शून्याने भागायचा एरर नलइफने सुटलाय, तो प्रश्न नाही. ॲक्सेस फक्त वाचायचा आहे, नवीन टेबल बनवता येणार नाही. आता महिने आणि प्रॉडक्टचा क्रॉस जॉइन (प्रत्येक महिन्याची प्रत्येक प्रॉडक्टशी जोडी) करायचा की लॅग सोडून विंडोमध्ये रेंज लावून बरोबर एक महिना मागचाच आकडा उचलता येतो?