रुंद चवडा, अरुंद टाच: प्रस्तरारोहणाचे बूट कसे निवडावेत?

प्रश्न (ठाणे): माझा चवडा रुंद आणि टाच अरुंद असल्यामुळे मुंब्र्याच्या कातळावर चढताना बोटे चेमटतात, टाच मात्र बुटातून निसटते. कोणते बूट घ्यावेत?

उत्तर (ऐरोली): वेल्क्रोऐवजी नाडीचे पाहावेत, कारण चवड्यापाशी नाडी सैल ठेवून घोट्याकडे ती आवळता येते. अस्तर नसलेले चामडे वापराने बरेच सैलावते, कृत्रिम चामडे फारसे नाही. म्हणून चामड्याचा जोड सुरुवातीला घट्टच घ्यावा.

उत्तर (नेरूळ): घट्ट म्हणजे दुखणारा नव्हे. (ती चूक मी केली आहे.) बोटे किंचित वाकलेली असावीत, टाचेत पोकळी नसावी, आणि आधार हवा असल्यास कडक तळाचा, सपाट घडणीचा बूट घ्यावा. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाच घालून पाहावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शनिवारी संध्याकाळी नाडीचेच जोड पाहीन.