आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) संमतीपत्रात ‘कॅन्सरचा धोका नाही’ असं छापावं का?

बीजगणित: छापू नये. 1994 मध्ये सिएटलच्या 3,837 वंध्यत्व असलेल्या स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या 11 गाठी निघाल्या, अपेक्षित होत्या 4.4. क्लोमिफेनच्या, म्हणजे स्त्रीबीज तयार होण्यासाठीच्या गोळ्यांच्या, 12 किंवा जास्त सायकल (पाळीच्या चक्रागणिक एक फेरी) घेतलेल्यांत धोका अकरापट. ब्रिटनमध्ये 1991 ते 2010 दरम्यान आयव्हीएफसारखे उपचार घेतलेल्या 2,55,786 स्त्रियांत अंडाशयाचे 405 कॅन्सर झाले, अपेक्षा 292 ची होती. एवढं समोर असताना ‘नाही’ कसं म्हणायचं?

लाखात_पाच: अकरापट हा आकडा एकटा फिरवू नका हो. रुग्ण इतके थोडे, की त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा, 1.5 ते 82 पट आहे! ब्रिटनच्या अभ्यासातली वाढ एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असलेल्या किंवा बाळंतपणं कमी झालेल्या स्त्रियांत आहे. दोष फक्त नवऱ्याच्या शुक्राणूंत होता, तिथे वाढ नाही. बीजं वाढवणारी इंजेक्शनं या बायकांनीही घेतलीच ना? म्हणजे संशय मूळ आजारावर जातो. वाढही किती, तर लाख स्त्रियांमागे वर्षाला 5.

बीजगणित: शुक्राणूंचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण 5 म्हणजे शून्य नव्हे. नेदरलँड्समध्ये सुमारे 24 वर्षं पाठपुरावा केल्यावर आयव्हीएफ गटात बॉर्डरलाइन (पूर्ण कॅन्सर नसलेल्या, सीमेवरच्या) गाठी जास्त दिसल्याच.

लाखात_पाच: दिसल्या, पण सायकल वाढल्या म्हणून गाठी वाढल्या नाहीत. औषधाचा परिणाम असता तर डोसागणिक चढता आलेख हवा. आणि अंडाशयाचा खरा, पसरणारा कॅन्सर आयव्हीएफ न केलेल्या वंध्य स्त्रियांपेक्षा जास्त नव्हता. स्तनाच्या कॅन्सरचंही तिथे तेच: 25,108 स्त्रिया, 21 वर्षं, वाढ नाही.

अस्तर: दोघंही आयव्हीएफवर भांडताय, घोळ त्याच्या आधीच होतो. क्लोमिफेन 50 मिलिग्रॅम, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत सुरू करून पाच दिवस. साधारण सहा सायकलींवर थांबायचं असतं. प्रत्यक्षात जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जातात, फॉलिक्युलर स्टडी (बीजाची वाढ पाहणारी सोनोग्राफी) नाही, त्यामुळे बीज फुटतं की नाही हेच कळत नाही. सिएटलमधला अकरापट धोका 12 किंवा जास्त सायकलींचा होता, हे इथे आठवावं.

दुसरं, पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार. बीज फुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन एकटं काम करत राहतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. अस्तराच्या कॅन्सरची वाट ही, आणि ती उपचार *न* केल्याने उघडते. पाळी येतच नसेल तर निदान तीन महिन्यांतून एकदा प्रोजेस्टेरॉन देऊन आणावी. मधेच रक्तस्राव होत असेल, अस्तर जाड दिसत असेल, तर आधी बायोप्सी, मग गोळ्या. अंडाशयात घट्ट भाग असलेली गाठ दिसली तर स्टिम्युलेशन (बीजं वाढवणारी औषधं) थांबवून आधी तिचा छडा लावायचा. हे तपासलं का, असा रकाना किती संमतीपत्रांत असतो?

लाखात_पाच: रकान्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘धोका संभवतो’ या मोघम ओळीला. ती वाचून बाई दोन वर्षं थांबते, आणि पस्तिशीनंतरची दोन वर्षं स्त्रीबीजांच्या हिशेबात फार महाग.

बीजगणित: मग आकडाच छापा. ‘लाखामागे वर्षाला सुमारे 5 जास्त, मुख्यतः एंडोमेट्रिऑसिस किंवा कमी बाळंतपणं असलेल्यांत, औषधामुळेच, असं सिद्ध नाही.’

लाखात_पाच: चालेल. शेवटचं वाक्य मात्र आधी घ्या.