कमिशनऐवजी दिवसाची फी: रिक्षाचालकांचा फायदा की कंपन्यांची सुटका?

धागालेखक:
रिक्षा बोलावण्याची ॲप्स पूर्वी प्रत्येक भाड्यातून टक्केवारी कापत. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत 'नम्मा यात्री' कमिशनशिवाय सुरू झाले आणि पुढे त्यांनी चालकाकडून दिवसाला २५ रुपये एवढीच फी ठेवली. रॅपिडोनेही हीच वाट धरली आणि २०२५ मध्ये, फेब्रुवारीत उबरला रिक्षांपुरते व जूनमध्ये ओलाला, कमिशन सोडावे लागले. कमिशन होते तेव्हा 'ॲपवर रद्द करा, मी तसाच सोडतो' असे चालक सर्रास म्हणत. ठरलेली फी एकदा भरली की त्या लपवाछपवीचे कारणच उरत नाही. मला हा बदल मनापासून योग्य वाटतो.

प्रतिसाद १:
असहमत. कमिशन होते तोवर फेरी पूर्ण झाली तरच कंपनीला पैसे मिळत, म्हणून प्रवाशाची तक्रार ऐकणे तिला भाग होते. गेल्या महिन्यात एका ॲपवरून मी स्वारगेटहून कोथरूडला रिक्षा केली. उतरताना चालकाने ॲपवरच्या भाड्यापेक्षा ४० रुपये जास्त मागितले आणि तक्रारीवर उत्तर आले, की भाडे हा तुमचा व चालकाचा आपसांतील व्यवहार आहे. मग ॲप नेमके कशासाठी आहे?

धागालेखक:
आपला त्रास खरा आहे, पण त्याचे मूळ फीमध्ये नाही. रिक्षाचे मीटरभाडे परिवहन प्राधिकरण ठरवते. ॲपने निराळा आकडा दाखवला की वाद होणारच.

प्रतिसाद २:
माझे काका रिक्षा चालवतात. जुलैत धो धो पाऊस पडून रस्ते तुंबले की भवानी व्हायच्या आतच फी गेलेली असते. कमिशनमध्ये निदान धंदा नाही तर कपातही नाही, असे होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पूर्वी ते तीन ॲप्स एकाच वेळी चालू ठेवत आणि जिथे भाडे चांगले तिथे जात, आता तीन ठिकाणी फी कोण भरणार, म्हणून ज्याच्याकडे गिर्‍हाईक जास्त तेवढेच एक ॲप त्यांनी ठेवले आहे. कमिशन मोडायला निघालेल्या लहान ॲपचाच यात बळी जाईल.

धागालेखक:
तीन ॲप्सचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो मला मान्य आहे. मात्र नम्मा यात्रीने दिवसाच्या फीबरोबर फेरीमागे साडेतीन रुपयांचा पर्यायही दिला होता. तसा पर्याय प्रत्येक ॲपने दिला, तर तुमच्या काकांना पावसाळ्यातही तिन्ही ॲप्स चालू ठेवता येतील.

प्रतिसाद १:
आणि माझे ४० रुपये? फेरीमागे साडेतीन रुपये घेणारी कंपनी त्या फेरीची तक्रार ऐकणार असेल, तरच मी तुमच्या बाजूने येईन.