मदत हवी आहे: ऑइल प्रेशरचा काटा उशिरा उठतो

मंडळी, लातूरजवळ शेतातल्या शेडमध्ये मी आणि थोरल्या भावाने विमान बांधलंय. सध्या इंजिन फक्त जमिनीवर चालवतो. चार सिलिंडरचं, एअर-कूल्ड. पहाटेच्या गारठ्यात स्टार्ट केलं की प्रेशरचा काटा 20-25 सेकंद हलतच नाही. 30 सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद करायचं, हे पाळतो, पण तेवढ्यात जीव टांगणीला लागतो. मग काटा 70 पीएसआयवर स्थिर. दुपारी उन्हात मात्र लगेच उठतो.

गेज (दाब दाखवणारं मीटर) मेकॅनिकल आहे, म्हणजे इंजिनपासून तांब्याची बारीक, लांब नळी, तिच्यातल्या तेलातूनच दाब काट्यापर्यंत पोचतो. तिच्यात घट्ट तेल बसलं असेल, की हवा? नळी सोडवून पातळ तेलाने भरू, की आधी दुसरं गेज थेट इंजिनवर लावून खरा दाब पाहू? तेलाचा पंप उघडायचा का? तेलाविना इंजिनातली बेअरिंग झिजतील, याची फार काळजी वाटते.