दोन दिवसांच्या मुंबई भेटीत कोणती चित्रप्रदर्शने पाहावीत?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'ए' श्रेणीत उत्तीर्ण झाली असून सध्या तिने जलरंगाचा ध्यास घेतला आहे. रविवारी सकाळी उठून ती रामकुंडावर किंवा घाटावरच्या एखाद्या पायरीवर बसते आणि ऊन चढेपर्यंत देवळांची शिखरे काढत राहते. कुसुमाग्रज स्मारकात अधूनमधून भरणारी प्रदर्शने सोडली, तर तिने आजवर पाहिलेली बहुतेक चित्रे पुस्तकातली किंवा मोबाईलच्या पडद्यावरची आहेत. पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार मुंबईला जायचे ठरले आहे आणि मुक्काम दादरला नणंदेकडे असेल. एवढ्या वेळात कोणती प्रदर्शने आवर्जून पाहावीत?

मला स्वतःला चित्रकलेतले फारसे कळत नाही. मागे एकदा दक्षिण मुंबईतल्या एका खासगी दालनाच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की आम्ही काचेतूनच चित्रे पाहिली आणि परत फिरलो. त्यामुळे आत गेल्यावर किती वेळ थांबावे, चित्रकाराशी बोललेले चालते का, या बारीकसारीक गोष्टीही कोणी सांगितल्या तर बरे होईल.

ओला कागद

ताई, सुरुवात काळा घोडा परिसरातल्या जहांगीर कलादालनापासून करा. ते 1952 साली सुरू झाले, प्रवेश विनामूल्य आहे आणि दारात कोणी अडवत नाही. पावसाच्या सरीतून आडोशाला शिरलेला माणूससुद्धा तिथे अर्धा तास चित्रे पाहून जातो. तिथली बहुतेक प्रदर्शने मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात आणि एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत निरनिराळ्या चित्रकारांची चित्रे लागलेली असतात. अमुक प्रदर्शन पाहा असे महिनाभर आधी सांगण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्या आठवड्यात जे असेल ते पाहावे. एका दालनात मन रमले नाही, तर शेजारच्यात रमेल.

तुमच्या मुलीसाठी मोठी गोष्ट ही, की चित्रकार बहुधा स्वतः तिथेच टेबलापाशी बसलेला असतो. तिथे प्रदर्शन मिळावे म्हणून कलावंत वर्षानुवर्षे वाट पाहतात. त्या आठवड्यात एखाद्या मुलीने येऊन कागद कोणता, रंग ओला असताना दुसरा कधी सोडला, असे विचारले तर त्याला आनंदच होतो. फक्त "याचा अर्थ काय" असे विचारू नका, "हे कसे केले" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने माणूस सावध होतो, दुसऱ्याने तो खुलतो. जलरंगाचे मूळ चित्र काचेच्या अगदी जवळ जाऊन तिरप्या उजेडात पाहायला सांगा. रंगाखालून डोकावणारी पेन्सिलची रेघ, रंग वाळताना कडेला जमलेली गडद किनार आणि पांढऱ्यासाठी मुद्दाम कोरा ठेवलेला कागद या तिन्ही गोष्टी छापील चित्रात हरवतात. नाशिकच्या मुलीला हे सांगायला नको खरे तर. शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रे ज्यांनी मुळातून पाहिली आहेत, त्यांना कोरा कागद किती उजेड देतो हे ठाऊक आहे.

बाहेर पडलात की पदपथावर मांडलेली चित्रेही पाहा. तिथे बसलेल्या चित्रकारांचा हात पक्का असतो आणि त्यांना गप्पा मारायला वेळही असतो.

समोरच, रस्ता ओलांडून, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. 1911 साली बांधलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात ते 1996 पासून आहे. आतले अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. मी 2018 साली तिथे महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे प्रदर्शन पाहिले होते. धुरंधरांची टपालकार्डे आणि पुस्तकांतली चित्रे आपण पाहिलेली असतात. पण तीच रेषा मूळ कागदावर पाहताना मी एकेका भिंतीसमोर इतका रेंगाळलो, की वरचे मजले दुसऱ्या दिवशी पाहावे लागले. सोमवारी ते बंद असते, तुम्हाला अडचण नाही.

पोथीवाला

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण दोन दिवसांत एवढे सगळे पाहायला गेलात तर रविवारी संध्याकाळी फक्त पाय दुखल्याचे आठवेल. माझा आग्रह एकाच इमारतीसाठी आहे. जहांगीरच्या शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही वास्तू 1922 साली लोकांसाठी खुली झाली. तिथली लघुचित्रे पाहिल्याशिवाय जलरंग शिकणाऱ्या मुलीने परत येऊ नये. अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेल्या 'अनवार-ए-सुहेली' या पोथीची पाने या संग्रहात आहेत. पंचतंत्राच्या वाटेने फारसीत गेलेल्या प्राण्यांच्या गोष्टी त्यात आहेत. अशी पाने उजेडाने खराब होतात, म्हणून ती सतत भिंतीवर नसतात आणि दालनात प्रकाशही मंद ठेवलेला असतो. आत शिरल्यावर दोन मिनिटे नुसते उभे राहा, डोळे सरावू द्या, मग काचेपाशी जा. कुठल्याही एका लघुचित्रातले एकच झाड निवडा आणि त्याची पाने कशी काढली आहेत तेवढेच पाहा. आधी गडद हिरवा थर, त्यावर एकेका पानाची फिकट कड, असे करत झाड उभे राहिलेले दिसेल. पारदर्शक जलरंगाच्या अगदी उलट ही रीत आहे, आणि म्हणूनच ती पाहायची.

त्याच इमारतीत 2011 पासून जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातली आधुनिक चित्रेही बदलत्या प्रदर्शनांतून दाखवली जातात. कापसाच्या व्यापारातला हा माणूस आयुष्यभर चित्रे जमवत राहिला. तिथे वासुदेव गायतोंडे यांचे एखादे चित्र लागलेले असेल, तर तुमचे नशीब. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि खरवडून काढत. छायाचित्रात ती नुसती एकरंगी पाटी वाटते. प्रत्यक्षात आतून उजेड येत असल्याचा भास होतो. मला गायतोंडे कळायला चाळिशी उलटावी लागली, त्यामुळे मुलगी पुढे निघून गेली तर तिला थांबवू नका.

पंचवटीकर

जाण्यायेण्याचे मी सांगतो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडलीत, तर दुपारच्या आत सीएसएमटीला उतरून पायी काळा घोड्याला पोहोचाल, सामानही फार घेऊ नका. दुसऱ्या दिवशी परतीलाही तीच गाडी हवी असेल, तर ती संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते आणि दादरलाही थांबते. म्हणून रविवारी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ठेवा, दादरहून लोकलने जवळ आहे. 1872 सालचे हे संग्रहालय मोठ्या जीर्णोद्धारानंतर 2008 साली पुन्हा उघडले. जुन्या मुंबईतल्या माणसांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृतींच्या शेजारी तिथे आजच्या चित्रकारांची कामेही मांडली जातात. दर बुधवारी ते बंद असते आणि मध्यंतरी दुरुस्तीसाठीही बंद होते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. जाता जाता एक गंमत: काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यामुळे पडले, तो सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 साली हलवला गेला आणि आता भायखळ्याला आहे. काळा घोड्याला 2017 मध्ये उभा राहिलेला घोडा नवा आहे, त्याच्यावर स्वार नाही.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही गेल्या आठवड्यात परत आलो. पोथीवाला यांचा सल्ला मानून बेत निम्मा केला, तरी रविवार अपुराच पडला.

जहांगीरमध्ये एका ज्येष्ठ चित्रकारांची कोकणातली निसर्गचित्रे होती. मुलगी आधी लाजत होती, मग "हे कसे केले" हा प्रश्न तिने विचारला आणि ते गृहस्थ टेबलाखालच्या पिशवीतून कागदाच्या अरुंद पट्ट्यांचे बाडच काढून बसले. प्रत्येक चित्राआधी ते त्याच कागदाच्या पट्टीवर रंग लावून पाहतात, वाळल्यावर तो किती फिका पडतो ते पेन्सिलीने शेजारी लिहितात आणि पट्टी जपून ठेवतात. वस्तुसंग्रहालयात तिने एका लघुचित्रासमोर जवळजवळ पाऊण तास काढला. झाडापेक्षा तिला पाण्यातल्या लाटा काढण्याची तऱ्हा आवडली. त्या लाटा टोपलीच्या विणीसारख्या दिसतात, असे तिचे म्हणणे. मी तोवर बाकावर बसून होते आणि नंतर तिच्या सांगण्यावरून उठून पाहिले, तेव्हा मलाही ती वीण दिसली.

या रविवारी ती घाटावर गेली तेव्हा कंपासपेटीत अशाच चार पट्ट्या कापून घेऊन गेली होती. भायखळा मात्र राहिले. दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहोत, बुधवार वगळून.