मदत हवी आहे: एकटं सुरूचं झाड वॉटरकलरमध्ये जमेना

मंडळी, दिवेआगरच्या किनाऱ्यावरचं एक सुरूचं झाड दोन महिने काढतेय आणि दरवेळी ते झाडूच दिसतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तिकडे किती झाडं आडवी झाली ते आठवत असेलच, आमच्या काकांच्या वाडीतल्या पोफळी तर एका दुपारीत गेल्या. हे एक मात्र राहिलं, जमिनीकडे म्हणजे पूर्वेला झुकलेलं, मुळं अर्धी उघडी, समुद्राकडच्या अंगाला फांद्या जवळजवळ नाहीतच. मला ते बिचारं नाही दाखवायचंय, एकटं पण घट्ट उभं असं हवंय.

अडचण अशी की सुरूला धड पानं नसतात, त्या बारीक हिरव्या काड्याच असतात आणि पेरांवर खवल्यांसारखी इवलीशी पानं, मग रिगर ब्रशने (लांब, बारीक केसांचा) एकेक काडी काढली की कडक दिसतं आणि ओल्या कागदावर ओला रंग लावला की सगळं ढगात विरघळतं. कागद जाड, 300 जीएसएमचा कॉटन आहे, खोड अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणात करते, पेन्स ग्रे (निळसर गडद करडा) वापरला तर मेल्यासारखं वाटतं (आई म्हणाली, जळलेलं झाड का काढलंस). शिवाय सध्या पावसामुळे कागद तासभर सुकतच नाही.

तर ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, करू का? आणि झाड मधोमध नको हे कळतं, पण झुकाव ज्या बाजूला तिकडे जागा मोकळी सोडायची की पाठीमागे, समुद्राच्या बाजूला? कुणी उंडी किंवा केवडा रंगवला असेल तर फोटो टाका ना प्लीज.