मदत हवी आहे: कूलर, एसी आणि दिवे आपोआप चालवायचे आहेत (नागपूर, वरचा मजला, बोर्डात न्यूट्रल नाही)

वरचा_मजला
नमस्कार मंडळी. मनीषनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, सगळ्यात वरचा मजला, स्लॅब थेट उन्हात. हॉलच्या खिडकीला लोखंडी कूलर आहे: दोन स्पीडचा पंखा, पंप, तिन्ही बाजूंना वुडवूलच्या ताट्या. बेडरूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) वर होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे, झिगबीचा (स्मार्ट उपकरणांचं कमी विजेवरचं वायरलेस जाळं) डोंगलही लावलेला आहे.

कूलर खोलीचं तापमान ३४ च्या वर गेलं की सुरू व्हावा, ३० ला बंद व्हावा, असं मनात आहे. १६ अँपिअरच्या एका स्मार्ट प्लगवर अख्खा कूलर लावला तर चालेल का? दिव्यांसाठी मोशन सेन्सर लावायचे आहेत, पण बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची तार) नाही. घरात आई-बाबा आहेत, त्यामुळे भिंतीवरचं बटण आहे तसंच चाललं पाहिजे. इंटरनेट गेलं तरी काही अडू नये. नवतपा लागायच्या आत काम उरकायचं आहे. सांगा जी, कुठून सुरुवात करू?

तांब्याची_तार
प्लग करंट सहज झेलेल. पंखा १५०–२०० वॅटचा आणि पंप २०–४० वॅटचा, म्हणजे एक अँपिअरच्या आसपास. अडचण वेगळीच आहे. एका प्लगवर पंप आणि पंखा एकदमच चालू-बंद होतील, आणि कूलरला ते मानवत नाही. पंप आधी तीन-चार मिनिटं चालून ताट्या भिजल्या पाहिजेत, मग पंखा. नाहीतर पहिली काही मिनिटं तो बाहेरची लू घरात ओढतो. बंद करताना उलट क्रम: आधी पंप, पंखा आणखी १५–२० मिनिटं. ताट्या वाळल्या की कुबट वास येत नाही आणि वुडवूल लवकर सडत नाही.

म्हणून चार चॅनलचा रिले बोर्ड (रिले म्हणजे सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच) आणि त्याला चालवायला ईएसपी३२ (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप) घ्या: एक रिले पंपाला, दोन पंख्याच्या हाय आणि लो स्पीडला, चौथा शिल्लक. हाय आणि लो हे एकाच मोटरच्या वाइंडिंगचे वेगवेगळे टॅप आहेत. दोन्हींना एकदम फेज मिळाला तर वाइंडिंग तापून जळतं. ईएसपीहोममध्ये (ईएसपी३२ वर चालणारं, होम असिस्टंटशी जोडणारं सॉफ्टवेअर) त्या दोन रिलेंना इंटरलॉक लावा, म्हणजे एक चालू असताना दुसरा लागणार नाही, मध्ये ५०० मिलिसेकंद थांबा ठेवा. एवढ्यावर भरवसा नको असेल तर एक रिले फक्त चालू-बंदला ठेवा आणि त्याच्या पुढे दुसऱ्याचा चेंजओव्हर वापरा: एनसीवर (रिले सुटलेला असताना जोडलेलं टोक) लो, एनओवर (रिले लागल्यावर जोडलं जाणारं टोक) हाय. मग दोन्ही टॅपना एकदम फेज मिळूच शकत नाही. मला हीच रचना जास्त पटते.

मोटर बंद होताना रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते आणि काही महिन्यांत संपर्क चिकटून बसतो. मग ॲप बंद दाखवतं आणि पंखा फिरतच राहतो. प्रत्येक मोटरला ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा आरसी स्नबर (ठिणगी शमवणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) लावा. कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच (थेट मेन्सवर लावायचा सुरक्षित प्रकार) हवा.

टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा) टाका. पाणी तळाला गेलं की पंपाचा रिले सुटला पाहिजे. कोरडा चाललेला पंप टिकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी कूलर म्हणजे पाणी, पत्रा आणि वीज एकत्र. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. कूलरच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) आणि पत्र्याच्या बॉडीला स्क्रूने पक्की अर्थिंग, या दोन गोष्टी होईपर्यंत ऑटोमेशनला हातच लावू नका. कारण आतापर्यंत माणूस स्वतः बटण दाबायचा, म्हणजे कूलर चालू आहे हे त्याला ठाऊक असायचं. आता कोणी टाकीत पाणी भरत असताना पंप आपोआप सुरू होऊ शकतो. म्हणून कूलरशेजारी हाताने बंद करायचा डबल पोल स्विच ठेवाच. सगळे रिले त्याच्या पुढे. पाणी भरायच्या आधी तो बंद, हे आई-बाबांनाही दाखवून ठेवा.

ओली_ताटी
वायरिंगचं भाऊंनी नेमकं सांगितलं. मी तुमच्या ३४ आणि ३० या आकड्यांबद्दल बोलतो, कारण खरी चूक तिथे आहे. कूलर तापमानावर नाही, हवेच्या कोरडेपणावर चालतो.

हिशेब करून बघा. मे महिन्यातली दुपार: बाहेर ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) येतं साधारण २३.३. म्हणजे फरक जवळजवळ २१ अंशांचा. नीट भिजलेल्या ताट्या त्यातला ७०–८० टक्के फरक भरून काढतात. ७५ धरले तर कूलरमधून २८–२९ अंशांची हवा येते. आता जुलै: बाहेर ३४, आर्द्रता ६५ टक्के. वेट बल्ब २८.५, फरक साडेपाच अंश. कूलर देणार ३० अंशांची हवा, तीही ओलीचिंब. तुमचा नियम ३४ ला पंप सुरू करेल, खोली ३० ला काही उतरणार नाही, पंप दिवसभर चालत राहील आणि अंथरुणं दमट होतील.

म्हणून नियम बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब यांतल्या फरकावर लावा. कूलर हवा बाहेरची ओढतो, तेव्हा मोजायचीही बाहेरचीच. तापमान-आर्द्रता मोजणारा एसएचटी३१ सेन्सर सावलीत, शक्यतो उत्तरेच्या भिंतीला, कूलरपासून दोन-तीन मीटर लांब. ताटीजवळ लावलात तर तो ओलसर हवाच मोजेल आणि सगळं गणित फसेल. वेट बल्बसाठी रोलंड स्टल यांचं २०११ चं सूत्र होम असिस्टंटच्या टेम्प्लेट सेन्सरमध्ये (इतर आकड्यांवरून हिशेब करणारा सेन्सर) घाला. त्याला फक्त तापमान आणि आर्द्रता लागते. त्यातला आर्कटॅन रेडियनमध्ये आहे, अंशांत घेतला तर आकडे भलतेच येतात.

माझ्या मते उंबरठे असे ठेवा: फरक १० च्या वर आणि खोली ३१ च्या वर असेल तर पंप आणि पंखा. फरक ७ च्या खाली गेला किंवा खोलीची आर्द्रता ६५ च्या वर चढली की पंप बंद, पंखा एकटा. मधल्या पट्ट्यात जे चालू आहे तेच राहू द्या, नाहीतर रिले दर पाच मिनिटांनी टकटक करेल. मृगाची पहिली सर आली की हा नियम स्वतःच पंप थांबवतो, तारीख बघावी लागत नाही.

आणि समोरची खिडकी! हवा बाहेर जायला वाट नसेल तर मे महिन्यातही खोली कोंदट होते. खिडकीला रीड सेन्सर (उघडी-बंद ओळखणारा चुंबकी सेन्सर) लावा, बंद असेल तर पंप सुरू होऊ देऊ नका.

वरचा_मजला
हे डोक्यातच नव्हतं, डोळे उघडले. एसीचं काय करू? आणि दिवे?

ओली_ताटी
एसीला वायफायवर चालणारा आयआर ब्लास्टर (रिमोटचे सिग्नल पाठवणारं यंत्र). स्मार्ट प्लगने एसीची वीज कधीच तोडू नका. बंद करायचा तो रिमोटच्या कोडनेच, आणि पुन्हा सुरू करण्याआधी किमान तीन मिनिटं जाऊ द्या. आयआर एकतर्फी असतं, एसीने ऐकलं की नाही ते कळत नाही. त्यासाठी एसीच्या वायरवर सीटी क्लॅम्पचा मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा: कमांड दिल्यावर पाच मिनिटांत वॅट वाढले नाहीत तर पुन्हा पाठवायची. तापमान २४ च्या खाली नेऊ नका. १ जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसींचं मूळ सेटिंगही २४ च आहे. बीईईच्या (केंद्राची ऊर्जा बचत संस्था) म्हणण्याप्रमाणे एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तुमच्या वरच्या मजल्यावर २६ आणि छताचा पंखा हे रात्री पुरेसं होईल. बेडरूमचं दार उघडं असताना एसी आणि कूलर एकत्र चालता कामा नयेत. एकाचा ओलावा दुसऱ्याला काढत बसावा लागतो.

रामटेक_रोड
दिव्यांचं मी सांगतो. आधी प्रत्येक बोर्ड उघडून बघा. ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतोच, त्याशिवाय प्लग चालणार नाही. बहुतेक घरांत निम्म्याहून जास्त बोर्ड असे निघतात. तिथे साधा न्यूट्रलवाला झिगबी रिले बटणामागे बसवा, जुनं बटण त्याच्या एस१-एस२ (बटणाच्या तारा जोडायच्या जागा) ला जोडा. आई-बाबांसाठी काहीच बदलत नाही.

खरोखर न्यूट्रल नसेल तिथे नो-न्यूट्रल झिगबी मॉड्यूल. ते दिव्यातूनच थोडा करंट घेऊन जगतं, म्हणून ५–७ वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद पेटतो किंवा लुकलुकतो. दिव्याच्या होल्डरपाशी समांतर बायपास कपॅसिटर लावला की थांबतं. अशी मॉड्यूल्स सिग्नल पुढे पाठवत नाहीत. घराच्या मध्यावर एखादा झिगबी प्लग कायम चालू ठेवा, नाहीतर मागची खोली सारखी तुटेल.

मोशन सेन्सरबाबत सावध. पीआयआर सेन्सर (नेहमीचा मोशन सेन्सर) अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात तुमची भिंत ३५–३६ अंशांवर गेली की फरकच उरत नाही आणि माणूस समोर असून दिवा लागत नाही. लोक बॅटरी बदलत बसतात, दोष बॅटरीचा नसतोच. इथे एलडी२४१० सारखा २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर घ्या, ५ व्होल्टवर चालतो. मात्र त्याला फिरता पंखा आणि हलता पडदाही माणूस वाटतो. त्याचं अंतर ०.७५ मीटरच्या टप्प्यांत विभागलेलं असतं. पंखा ज्या टप्प्यात येतो त्याची संवेदनशीलता कमी करा. कूलरच्या झोताकडे तोंड करून तर लावूच नका.

संध्याकाळचे दिवे घड्याळावर नको, सूर्यास्तावर ठेवा. इथे डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचला मावळतो, जूनअखेर सातच्या सुमारास.

वरचा_मजला
मनापासून आभार. लाइट जाऊन आली की काय होईल? आणि अर्थिंग टेस्टरने तपासली तर चालेल?

तांब्याची_तार
ईएसपीहोममध्ये सगळ्या रिलेंचा रिस्टोर मोड 'नेहमी बंद' ठेवा. वीज आल्यावर दोन मिनिटं थांबून होम असिस्टंटनेच परिस्थिती बघून पंप सुरू करावा. रास्पबेरी पाय आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. ऑटोमेशन सगळं घरातल्या घरातच असल्यामुळे इंटरनेटची गरज नाही.

अर्थिंगला टेस्टर चालत नाही, तो फक्त फेज दाखवतो. मल्टिमीटरने फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. पण तुटायला आलेली अर्थिंगही मल्टिमीटरवर बरोबर दिसते. म्हणून वायरमनकडून १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये क्षणभर लावून घ्या. आरसीसीबी लगेच पडली पाहिजे. पडली नाही आणि बल्ब पेटून राहिला तर आरसीसीबी बाद. बल्बही नाही आणि आरसीसीबीही पडली नाही तर अर्थच नाही, कूलरचा प्लग त्याच क्षणी काढून ठेवा.